आतल्ये 17 चा इतिहास काय? व्हिस्कॉसिटी प्रिंट हेटरनेच शोधली का?

इतिहास पटकन सांगतो, मला बोलायचंय ते दुसऱ्या प्रश्नावर. स्टॅन्ली हेटर मूळचा केमिस्ट, इराणात अबादानला तेल कंपनीत नोकरी करून पॅरिसला आला, जोझेफ हेख्तकडे ब्युरिन (धातूच्या प्लेटवर रेघा कोरायचं हत्यार) शिकला आणि 1927 ला प्रिंट छापायचं वर्कशॉप काढलं. 1933 ला कांपान्य-प्रमिएर रस्त्यावर 17 नंबरच्या जागेत गेले, म्हणून आतल्ये (वर्कशॉप) 17 हे नाव. 1940 ला युद्धामुळे न्यूयॉर्क, चित्रकार पोलॉकने तिथेच प्लेटा केल्या, 1950 ला परत पॅरिस. 1988 ला हेटर गेला, पुढे नाव बदलून आतल्ये काँत्रपॉइंट झालं.

आता व्हिस्कॉसिटी, म्हणजे शाईच्या घट्ट-पातळपणाचा उपयोग करून एकाच प्लेटवरून अनेक रंग एकदम छापायची पद्धत. माझ्या डिप्लोमाच्या व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हेच विचारलं होतं. मी म्हटलं कृष्णा रेड्डी, कैको मोती आणि हेटर. सर म्हणाले, "हेटर. बाकीचे त्याचे विद्यार्थी." अहो, मोती आपल्या मुंबईचा, जेजे स्कूल ऑफ आर्टचा! मी काही बोललो नाही, सरळ झिंकची प्लेट घेतली, खोल रेघांत काळी शाई भरून पुसली, मग जवसाचं तेल जास्त घातलेली पातळ शाई कडक रोलरने वरच्या भागावर, आणि घट्ट शाई मऊ रोलरने, तो दाबला की खालच्या पातळीपर्यंत पोचतो पण पातळ शाईवर घट्ट शाई बसतच नाही, त्यामुळे रंग आपोआप वेगळे राहतात, आणि सगळं प्रेसमधून एकदाच काढायचं. प्रिंट झकास आली. सर तोवर चहा पीत पुढच्याची फाइल चाळत होते. मार्क विचारू नका.

मुळात रेड्डी शिल्पकार, झादकीन या शिल्पकाराकडे शिकलेला, प्लेट तो शिल्पासारखी खोल कोरायचा आणि ही पद्धत चालते ती त्या पातळ्यांवरच. एका प्रेसभोवती वीस जण राबतात तिथे शोध फक्त मालकाच्या नावावर लावणं म्हणजे फुकटचा मोठेपणा. पुढे रेड्डी तिथे हेटरबरोबर सहसंचालकही होता, नुसता विद्यार्थी कसला!

हां, एक मान्य, हेटरने 1946 मध्येच एका प्लेटवर सिल्कस्क्रीनने (ताणलेल्या जाळीतून) रंग लावून एका दाबात छापलं होतं, म्हणजे मूळ खटपट त्याचीच. पण तेलाच्या प्रमाणाचं गणित सगळ्यांनी मिळून बसवलं.

तुम्हाला शिकायचं असेल तर जिथे शाई स्वतः मिसळू देतात असा स्टुडिओ शोधा, नुसते डेमो बघून काही येत नाही. आणि व्हायवात कोणी विचारलंच तर तिन्ही नावं घ्या, रेड्डीचं आधी.