दुकानाचं लाइट बिल आणि वाया जाणारा माल

प्रश्न : भाऊ, अमळनेरला माझं छोटं किराणा दुकान आहे, उन्हाळ्यात लाइट बिल फार येतं आणि ब्रेड, बिस्किटं, फरसाण तारीख संपून फेकावं लागतं, सोलर लावू का?

उत्तर : ताई, सोलरचं नंतर बघू, आधी फ्रीजकडे बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्यात फ्रीज भिंतीला चिकटून असेल, मागच्या जाळीवर धूळ असेल तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा, सहज निघून आली तर रबर गेलंय, ते बदलून घ्या, नवीन फ्रीजपेक्षा लई स्वस्त पडतं. जुनी चोकवाली ट्यूब साधारण ५० वॅट खाते, एलईडी २०, म्हणजे चार ट्यूब रोज दहा तास चालत असतील तर महिन्याला ३६ युनिट वाचतात, आणि दुकानाचा दर घरापेक्षा जास्त असतो हे विसरू नका.

मालाचं म्हणाल तर खरं नुकसान तिथंच आहे. नवीन माल आला की जुना पुढे ओढायचा, नवा मागे लावायचा, रोज सकाळी पोराला तारखा बघायला लावा. फरसाणवाल्याला स्पष्ट विचारा परत घेतो का, नसेल घेत तर कमीच मागवा, स्कीमच्या नादी लागू नका. पुट्ठे कोरडे ठेवून रद्दीवाल्याला वजनावर द्या.