डायलिसिस नुकतं सुरू झालेल्या ताईंसाठी
ताई, सुरुवातीला प्रार्थनासुद्धा सुचत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला बसून आल्यावर लांबलचक प्रार्थना कोण करणार, एकच ओळ म्हणा आणि झोपा, देव ऐकतो. बायबलमधलं स्तोत्र 88 वाचा, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे तरी पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे रडून तक्रार करणं हीपण प्रार्थनाच ना. विश्वास कमी म्हणून बरं होत नाही असं कोणी म्हणालं तर अजिबात मनावर घेऊ नका, बायबलमधल्या प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनंती केली तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, गेला नाही, देवाची कृपा मात्र पुरली. आणि प्लीज, कुणाच्याही सांगण्यावरून डायलिसिस चुकवू नका. चर्चला जाणं जमत नसेल तर पाळकांना सांगा, प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये देतात ती भाकर आणि द्राक्षारस, घरी घेऊन येतील.