‘देवाची इच्छा नाही’ असे सांगून लग्न मोडले जाते तेव्हा

ठरलेले लग्न मोडलेल्या किंवा प्रेमात दुखावलेल्या ख्रिस्ती तरुण-तरुणींकडून मला वारंवार एकच प्रश्न ऐकू येतो : ‘मी रोज प्रार्थना करते, पवित्र शास्त्र वाचते, तरी हे दुःख जात का नाही? माझा विश्वासच कमी पडतो आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर मी येथे सोलापुरातील एका तरुणीच्या हकिकतीतून देणार आहे. तिने लिहिण्यास संमती दिली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. वडील अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. साखरपुडा झाला होता, आणि उपासनेत सर्वांसमोर लग्नाची सूचनाही वाचली गेली होती. त्यानंतर मुलाने फोनवर संदेश पाठवला की, आपण पुष्कळ प्रार्थना केली, पण या लग्नाला देवाची इच्छा दिसत नाही. काही महिन्यांतच त्याचे लग्न दुसरीकडे ठरले. ज्या मंडळीसमोर सूचना वाचली गेली, तिच्यासमोर पुन्हा जाऊन बसणे तिला अशक्य झाले आणि तिने रविवारची उपासना सोडली.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, “मॅडम, त्याने नाकारले असते तर मी रागावले असते. पण त्याने देवाचे नाव घेतले. आता मी रागावू कोणावर?”

तिच्या दुःखाचे मूळ या वाक्यात होते. माणसाने घेतलेल्या निर्णयावर देवाची सही उमटवली की नाकारल्या गेलेल्या व्यक्तीला दुहेरी घाव बसतो : जोडीदार जातो, आणि ज्याच्याजवळ जाऊन रडावे तो देवही त्याच्याच बाजूला उभा आहे असे वाटू लागते. मी तिला स्पष्ट सांगितले की, लग्न न करण्याचा त्या मुलाला अधिकार होता, परंतु तो निर्णय त्याचा होता आणि त्याची जबाबदारीही त्याचीच होती. हे सांगताना मला त्या मुलाचा राग आला होता हे मी लपवणार नाही. देवाच्या नावाचा असा उपयोग मला आजही मान्य नाही.

मात्र त्याआधी काही साध्या गोष्टी पाहणे आवश्यक होते. तिला झोप नव्हती, जेवण सुटले होते. जीव द्यावा असा विचार मनात येतो का, हे मी तिला थेट विचारले. अशा विचारण्याने तो विचार मनात शिरतो हा समज चुकीचा आहे. तसा विचार नव्हता, तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी तिला दिला, आणि दोन आठवडे उलटूनही झोप व भूक परतली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे असे ठरवून घेतले. औषध घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास, असे तिच्या आईला वाटत होते. आईला मी एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवून दिली. पवित्र शास्त्रातील १ राजे १९ मध्ये तो मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो.

यानंतर आम्ही स्तोत्र १३ हाती घेतले. अवघ्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न देवाला चारदा विचारला आहे. मग विनवणी येते, आणि शेवटी भरवसा. याच क्रमाने स्वतःची प्रार्थना लिहून आण, असे मी तिला सांगितले. तिने तक्रार पानभर लिहिली, विनवणी दोन ओळींत आटोपली आणि भरवशाची जागा कोरी ठेवली. पुढच्या कित्येक भेटींत ती जागा कोरीच राहिली, आणि ती भरण्याची घाई मी केली नाही, कारण स्तोत्र ८८ अंधारातच संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे ओरडणाऱ्या येशूचा विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल?

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी विरहाचा काही काळ आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात काढला. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण त्या दिवसांचे दुःख त्यांनी कधी झाकून ठेवले नाही. त्या तरुणीला हे सांगितल्यावर तिचा संकोच बराच कमी झाला.

तिला सर्वाधिक आधार मिळाला तो शेजारच्या तेलुगू भाषक वृद्ध ख्रिस्ती बाईंचा. त्या रोज संध्याकाळी येत, काहीतरी खायला आणत आणि फारसे न बोलता बसून राहत. पवित्र शास्त्रातील दुःखी ईयोबाच्या मित्रांनी केलेले सर्वांत चांगले काम म्हणजे सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसणे. बिघडले ते तोंड उघडल्यावर. मंडळीतील भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की, ‘देवाने तुझ्यासाठी याहून चांगले ठेवले असेल’ हे वाक्य पहिल्या महिन्यात तरी बोलू नये.

‘त्याला क्षमा कर’ असा आग्रहही तिला झाला होता. क्षमा ही ख्रिस्ताची आज्ञा आहे, ती मी सौम्य करून सांगत नाही. परंतु क्षमा करणे म्हणजे पुन्हा संबंध जोडणे नव्हे, आणि झालेला अन्याय नाकारणे तर नव्हेच. योसेफाने आपल्याला विकणाऱ्या भावांना जवळ केले, पण आधी त्यांची पारख केली, आणि ‘तुम्ही माझे वाईट योजिले’ हे त्यांच्या तोंडावर सांगितले. तिने त्या मुलाचा क्रमांक काढून टाकला, त्याची छायाचित्रे पाहणे थांबवले आणि सूड मागणे देवावर सोपवले. हे एकदा करून संपले नाही. त्याच्या लग्नाच्या दिवशी सारे पुन्हा उसळून आले, आणि त्या दिवशी शेजारच्या बाईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले.

आता ती त्या बाईंबरोबर उपासनेला जाते, प्रभुभोजन घेते. भरवशाच्या जागी तिने एक ओळ लिहिली आहे. ती तिची आणि देवाची असल्याने येथे देत नाही. घरी नवी स्थळे येत आहेत. नाताळ होईपर्यंत विचारू नका, असे तिने आईला सांगितले आहे. वडिलांचा राग मात्र तसाच आहे, कारण मंडळीसमोर अपमान त्यांचाही झाला होता आणि त्यांना आजवर कोणी विचारलेच नाही. गेल्या भेटीला तेही आले, आणि आता त्यांच्याबरोबर स्तोत्र १३ पहिल्या वचनापासून वाचायला आम्ही सुरुवात केली आहे.