'अ लॉट ऑफ' चालतं का?

प्रश्न असा आलाय की थीसिसमध्ये किंवा ऑफिसच्या पत्रात 'अ लॉट ऑफ' लिहिलं तर चालतं का. चूक नाहीये, पण बोलण्यातलं आहे, त्यामुळे तिथे 'मेनी' किंवा 'मच' टाका आणि मोकळे व्हा. फक्त ते 'अ लार्ज अमाउंट ऑफ स्टुडंट्स' तेवढं लिहू नका हो, पोरं काय किलोवर मोजतात? अमाउंट पाण्याचं, वेळेचं, पैशाचं, डोकी मोजायची तर नंबर. आणि 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स'पुढे 'आर', पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स'पुढे 'इज'.

मला खरी चीड येते ती एका दमात जोडून लिहिलेल्या 'अलॉट'ची. मोबाइल गुपचूप त्यात अजून एक एल घुसवतो, मग 'पुष्कळ'च्या जागी 'वाटप करणे' होऊन बसतं. पण गंमत बघा, मोबाइलने जोडलेलं नातं खरंच आहे! जुन्या इंग्रजीत 'ह्लोट' म्हणजे आपण चिठ्ठ्या टाकतो तशी टाकायची लाकडी खूण. मग तिने वाट्याला आलेला हिस्सा, मग जमिनीचा तुकडा, मग लिलावात एकत्र मांडलेला माल, जो आपल्या मार्केट यार्डात अजून ठणठणीत आहे, 'अख्खा लॉट उचलला' म्हणतात ना तोच. माझं तर ठाम मत आहे की एकोणिसाव्या शतकात रुळलेला 'पुष्कळ' हा अर्थ या ढिगातूनच आलाय. 'वाटप करणे'वाला तो दोन एलचा 'अलॉट' त्याच जर्मानिक मुळाचा, पण फ्रेंचमधून फिरून आलेला, आणि लॉटरीसुद्धा त्याच घरातली. म्हणजे म्हाडाची लॉटरी लागून अलॉटमेंट लेटर हातात पडलं की एकच शब्द दोनदा पावला! आणि ते लेटर टाइप करणारा क्लार्क? तो ग्रीक 'क्लेरॉस'वरून, मूळ वेगळं पण अर्थ परत चिठ्ठी, वाटा. तिथून चर्चचा पाद्री, मग लिहितावाचता येणारा माणूस, मग कारकून.

आता कुणीतरी धुराचे लोट घेऊन येईल की लॉट आपल्या लोटवरूनच गेला. नाही गेला. लोट आपल्या लोटण्यातला आहे, त्याला तिथेच राहू द्या.

प्रश्नासोबत व्याकरणाच्या एका गाइडचा दाखला पण जोडलाय, की मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' लावणं अशुद्ध, 'फ्यूअर'च हवं. अशुद्ध कुणी ठरवलं? 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी 'फ्यूअर मला जास्त डौलदार आणि जास्त योग्य वाटतं' असं स्वतःचं मत मांडलं होतं, त्या मताचा पुढच्या मास्तरांनी कायदा केला. नवव्या शतकात खुद्द इंग्लंडातल्या आल्फ्रेड राजाच्या लिखाणात शब्दांना 'लेस' लावलेलं आहे, तेही षष्ठीत, 'शब्दांचं कमी' अशा थाटात. म्हणजे हजारेक वर्षं इंग्रज अशुद्ध बोलत होते म्हणायचे. थीसिसमध्ये मात्र 'फ्यूअर'च लिहा, परीक्षकाला आल्फ्रेड राजा दाखवून काही उपयोग नाही.