पहिल्या सरकारी कामाआधी मजुरीचा हिशेब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेच्या रस्त्याचं काम तुला मिळालं, कार्यारंभ आदेशही हाती आला, हे कळून आनंद झाला. खडी, मुरूम, रोलरचं भाडं हा हिशेब तू नीट मांडशील. मजुरीच्या हिशेबात मात्र बहुतेक नवे ठेकेदार फसतात, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

बिल निघण्याची वाट पाहत मजुरी थांबवता येत नाही, हे आधी मनात पक्कं कर. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, उपअभियंत्याची सही झाली, तरी निधी नसला की बिल मार्चपर्यंत लटकतं. मजुराच्या चुकाऱ्याची तारीख कायद्यानं ठरलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ प्रमाणे रोजच्या रोज चुकारा घेणाऱ्याला पाळी संपताना, आठवड्यावाल्याला साप्ताहिक सुटीच्या आधीच्या कामाच्या दिवशी आणि महिन्यावाल्याला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पैसे मिळायला हवेत. म्हणून काम सुरू करण्याआधी तीन महिन्यांच्या मजुरीची रक्कम वेगळी काढून ठेव. समजा १६ माणसं, २६ दिवस आणि सरासरी ५५० रुपये रोज, तर महिन्याला २,२८,८०० रुपये होतात. तीन महिन्यांचे ६,८६,४००. एवढी सोय नसेल तर माणसं कमी लाव, काम थोडं लांबेल. निविदा कमी दरानं भरली असशील तर ती तूट मजुरीतून काढायचा विचारही करू नकोस. किमान वेतन निविदेच्या टक्क्यांनी खाली येत नाही.

दर कोणता? रोहयोचा दर तुझ्या कामाला चालत नाही, तो वेगळा ठरतो. बांधकामासाठी राज्याच्या कामगार विभागाची अधिसूचना काढ. त्यात परिमंडळ, म्हणजे भागानुसार दराचा गट, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी आहे. परिमंडळ कामाच्या जागेवरून बघायचं, तुझं ऑफिस कुठे आहे त्यावरून नाही. मूळ दरात विशेष भत्ता मिळवायचा. तो दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो. जुलैत जुनाच आकडा पुढे ओढला की सहा महिन्यांची थकबाकी चढलीच समज. दर महिन्याचा असेल तर २६ ने भागून रोज काढ. समजा महिना १३,००० आला, तर रोज ५०० आणि ताशी साडेबासष्ट. आठ तासांवरच्या कामाला दुप्पट दर, म्हणजे दहा तास राबलेल्याला ७५० द्यावे लागतात. उन्हाळ्यात पहाटे सुरू करून भर दुपार टाळशील तेव्हा दोन्ही वेळचे तास मिळून मोज.

गवंडी आणि सळई बांधणारा मिस्त्री यांना अकुशलच्या रकान्यात टाकू नकोस. रेजा, म्हणजे बाई मजूर, आणि पुरुष मजूर सारखंच काम करत असतील तर रोजही सारखाच. आपल्याकडे बाईला शंभर-दीडशे कमी देण्याची रीत अजून चालते. ती सरळ कायद्याविरुद्ध आहे आणि तपासणीत पहिल्या नजरेत दिसते.

रोलर बंद पडला, सिमेंटची गाडी आली नाही, आणि माणसं कामाला तयार बसून राहिली, तर त्यांचा पूर्ण रोज लागतो. ठोक्यावर काम दिलंस तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये. ठोका दिला की हजेरी लागत नाही असं मुकादम सांगेल. हजेरी लागतेच.

सगळ्यात जास्त गडबड होते ती मुकादमापाशी. मेळघाटातून किंवा गडचिरोलीकडून टोळी येते, सगळ्यांचा चुकारा मुकादमाच्या हाती एकरकमी जातो, आणि पुढे कुणाला किती मिळाले याचा कागद राहत नाही. पैसे ज्याचे त्याच्या खात्यात टाक. आधी एक रुपया पाठवून खातं चालू आहे का बघ, कारण बरीच खाती बंद पडलेली असतात. खातं सुरू होईपर्यंत रोख देणं भाग पडलं तर मजुराच्या हातात दे, सही किंवा अंगठा घे, साक्षीदार ठेव. दिलेली उचल तारखेसह वेतन नोंदवहीत लिही; सगळ्या कपाती मिळून त्या वेळच्या मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नकोस. किराण्याची उधारी मुकादमानं परस्पर कापायची नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांग.

हजेरी रोज सकाळी कामाच्या जागीच घे. आठवड्याचं मस्टर शनिवारी बसून एका शाईनं भरलेलं लगेच ओळखू येतं. वेतनचिठ्ठी प्रत्येकाला दे. मजुराला तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी तुझ्यावर असते. म्हणून कागद त्याहून जास्त काळ जपून ठेव. माणसं वीस झाली की भविष्य निर्वाह निधीही लागतो.

मृगाचा पाऊस पडला की धान रोवणीला, पुढे कापूस वेचणीला माणसं अचानक निघतील. काम सोडलेल्याचा पूर्ण हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. परत यावं म्हणून मजुरी अडकवून ठेवू नकोस. ज्यांचे नव्वद दिवस भरलेत त्यांना तसं प्रमाणपत्र लिहून दे, बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला ते कामी येतं.

पहिल्या आठवड्याचं मस्टर भरलंस की प्रत पाठव. वर्गवारी आणि दर तपासून परत करतो.

तुझा,
काका