नस दबली, शीर धरली, की चेता?

विट्याच्या एका वाचकांनी विचारलंय: "आईची कंबर धरते आणि पायात कळ जाते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस दबलीय. आई म्हणते, शीर धरलीय. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतासंस्था आहे, आमच्या वेळी मज्जासंस्था म्हणायचे आणि विश्वकोशात बघायला गेलो तर तंत्रिका तंत्र! यातलं बरोबर कुठलं?"

पुस्तकी शब्दांचं आधी उरकून टाकू. मज्जासंस्था, चेतासंस्था, तंत्रिका तंत्र ही तिन्ही नावं एकाचीच. मेंदू, पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा रज्जू आणि या दोघांपासून अंगभर पसरलेले तंतू, असा सगळा तो कारभार. मेंदूपासून अशा चेतांच्या 12 जोड्या निघतात, रज्जूपासून 31. तंत्री म्हणजे तार, त्यावरून तंत्रिका. हिंदीत तो सर्रास चालतो. आपल्याकडे वाईच्या विश्वकोशानं तो घेतला, पण वाईच्या बाजारात काही तो ऐकू येत नाही. मला तर तंत्रिका म्हटलं की तंत्रनिकेतनच आठवतं.

मज्जा या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी मज्जा हा सहावा, हाडाच्या पोकळीतला. मणक्यांच्या पोकळीतही मऊ दोरी दिसते, म्हणून तिला मज्जारज्जू म्हटलं गेलं असणार. पण हाडातल्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात, आणि रज्जूचं काम निरोप नेण्या-आणण्याचं. दोन्हीकडे मज्जा आल्यामुळे दवाखान्यात नातेवाइकांची पार त्रेधा उडते. मज्जेची तपासणी म्हणजे बहुधा कमरेच्या मागच्या हाडातून नमुना काढणं. 'पाठीतलं पाणी काढणं' हे वेगळंच. ते पाणी मेंदूभोवती आणि रज्जूभोवती असतं. मोठ्या माणसाचा रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या खालच्या जागेत घालतात, त्यामुळे 'मज्जारज्जूला सुई लागेल' ही धास्ती नको. मी स्वतः मेरुरज्जूच लिहितो. चेता हा शब्द चेतनेच्या घरातला, म्हणून मुलीचं पुस्तक मला पटतं.

आता तुमच्या आईची शीर. विज्ञानाच्या पुस्तकात शिरा म्हणजे रक्त हृदयाकडे नेणारी नळी, बस्स. बोलण्यात मात्र कातडीखाली दोरीसारखं जे काही लागेल ते शीर. स्वतःचं मनगट बघा. निळसर दिसते ती रक्ताची शीर. मूठ वळून मनगट थोडं आत वाकवलं की मधोमध ताठ उभी राहते ती स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा. (काहींच्या मनगटात ती मुळातच नसते, घाबरू नका.) आणि तिच्याच आसपास खोलवर चेता असते, ती दिसतच नाही. चेता ओळखायची तर कोपर आतल्या बाजूनं दारावर आपटलेलं आठवा: करंट बसल्यासारखी झिणझिणी थेट करंगळीपर्यंत जाते.

या तिघींना एकच नाव देणं हे काही अडाणीपणाचं लक्षण नाही. ग्रीकांचा न्यूरॉन हा शब्दही आधी कंडरेला आणि धनुष्याच्या दोरीलाच होता. आपला स्नायूसुद्धा घ्या. संस्कृतात तो अशाच दोरीवजा बंधाला म्हणत, मराठीत तो मांसल भाग झाला आणि बंगालीत चक्क चेता!

नस या शब्दाचंही तेच. सिस्टर हातावर थापट्या मारत 'नस सापडत नाही' म्हणतात ती रक्ताची, आणि डॉक्टर 'नस दबलीय' म्हणतात ती चेता. म्हणून नाम सोडा, क्रियापद धरा. फुगली, सापडत नाही, असं असेल तर रक्तवाहिनी. आखडली, ताणली म्हटलं की स्नायू किंवा कंडरा. दबली म्हटलं की चेता. अडचण फक्त 'धरली'ची. ती कुठंही बसते.

तुमच्या आईच्या बाबतीत डॉक्टरांच्या मनात बहुधा सायटिकाची चेता असावी. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. शरीरातली ही सर्वांत जाड चेता, बोटाएवढी, कुल्ल्यातून मांडीच्या मागून खाली जाते. मणक्यांमधली गादी सरकली की तिचं मूळ कमरेत दाबलं जातं, पण तो तंतू पायाचे निरोप आणणारा, म्हणून मेंदू कळ पायातच आहे असं धरून चालतो.

परीक्षेत मुलीनं चेतासंस्था लिहावं. आईनं खुशाल शीर म्हणावं. डॉक्टरांना मात्र कळ कुठून कुठवर जाते, मुंग्या येतात का, टाचांवर चालता येतं का, हे नीट सांगा. आणि लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर शब्दांचा काथ्याकूट न करता त्याच दिवशी मिरज गाठा.