स्पेलचेक गप्प बसतो तिथे काय करायचं

अरे, सारख्या दिसणाऱ्या इंग्लिश शब्दांत गोंधळ होतो तेव्हा स्पेलचेकवर विसंबून राहू नकोस, हरवण्याचं एक ओ वालं लूझ आणि सैलचं दोन ओ वालं लूस दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, मग लाल रेघ येणार कशी! अशा शंभर जोड्यांची लिस्ट पाठ करणं पण सोड, दोन दिवसांत खिचडी होते डोक्यात. आधी सगळ्यात छळणारं इट्स पकड, एक अपॉस्ट्रॉफी (एसच्या आधी वर येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह) वालं, एक बिन-अपॉस्ट्रॉफीचं. अपॉस्ट्रॉफी दिसली की तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' टाकून मोठ्याने वाच, बसलं तर अपॉस्ट्रॉफी ठेव नाहीतर काढ. 'द डॉग वॅग्ड इट्स टेल' मध्ये इट इज टेल कसं होईल? हिज, हर्सला तरी कुठे असते अपॉस्ट्रॉफी.

ॲडव्हाइस-ॲडव्हाइझला कान वापर, नाम असेल तर शेवटी स ऐकू येतो, तिथे सी अक्षर लिही, क्रियापदात झ, तिथे एस. प्रॅक्टिसला मात्र ही ट्रिक चालत नाही कारण उच्चार एकच, ब्रिटिश नामाला सी आणि क्रियापदाला एस लावतात, अमेरिकन सरळ दोन्हीकडे सी (शहाणे लोक), म्हणून कुठलं इंग्लिश लिहितोयस ते ठरव आणि फाइलची लँग्वेज सेटिंग पण तीच ठेव. अफेक्ट-इफेक्टमध्ये बहुतेक वेळा ए वालं क्रियापद, ई वालं नाम, अपवाद आहेत पण ते नंतर बघ.